मित्रदेशांनी अमेरिकेला सुनावलेले बोल: वॉशिंग्टनमधल्या एका टूरबद्दल

आधी निकाल सांगून टाकते: पाचपैकी चार तारे. माणशी ४५ डॉलर, टिप वेगळी. साधारण साडेतीन तास, निम्मं चालणं, निम्मी व्हॅन. विषय एकच. अमेरिकेच्या मित्रदेशांनी तिच्या परराष्ट्र धोरणावर कधी, कुठे आणि कसं बोट ठेवलं, आणि पुढे काय झालं. कंपनीचं नाव देत नाही, कारण धंदा लहान आहे आणि पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे.

मी कॅनडाची नागरिक, ऑन्टारिओत नर्स होते, आता निवृत्त. म्हणजे मीही मित्रदेशातलीच. २०२५ मध्ये आमच्याकडे किती जणांनी अमेरिकेच्या सहली रद्द केल्या ते तुम्हाला माहीत असेलच. ट्रम्प यांचं आयातशुल्क, आणि वर कॅनडाला अमेरिकेचं ५१वं राज्य करायचं ते बोलणं. माझ्या ओळखीतल्या दोघींनी तर फ्लोरिडाचं नावच टाकलं. मी गेले, कारण मेरीलँडला भाचीच्या बाळाचं बारसं होतं, आणि बारशाला राजकारण आडवं येत नाही. टूर बुक केली भाचेजावयाने. तो अमेरिकन नागरिक, स्वभावाने गोड, पण मतांनी पक्का. त्याचं म्हणणं असं की संरक्षणाची छत्री अमेरिकेची, तिच्याखाली उभं राहून पावसाबद्दल तक्रार कसली करता? "मावशी, तुम्हाला आवडेल, तुमच्याच बाजूची टूर आहे," असं म्हणून त्याने तिकिटं काढली आणि स्वतःही आला. बहुधा माझ्याशी वाद घालायला.

सुरुवात लाफायेत स्क्वेअरमध्ये, व्हाइट हाउसच्या समोर. आमची गाइड साठीच्या आसपासची अमेरिकन बाई, आधी शाळेत इतिहास शिकवायची. आवाज खणखणीत. तरी सगळ्यांच्या कानात ती छोटी यंत्रं दिली होती, आणि त्यांचा उपयोग पुढे कळला. तिने पहिलाच प्रश्न टाकला: या बागेत पाच मोठे पुतळे आहेत, त्यातले अमेरिकन किती? एकच. मधोमध घोड्यावर बसलेले अँड्र्यू जॅक्सन. चार कोपऱ्यांत चार परदेशी: फ्रान्सचे लाफायेत आणि रोशांबो, पोलंडचे कोश्चुश्को, प्रशियाचे फॉन स्टॉयबेन. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिशांनी शरणागती पत्करली ती रोशांबोंचं सैन्य आणि फ्रेंच आरमार सोबत होतं म्हणून. अध्यक्ष सकाळी उठून उत्तरेकडच्या खिडकीतून बाहेर बघतात तेव्हा त्यांना उपकारकर्तेच दिसतात, असं ती म्हणाली. वाक्य तिचं पाठ असणार, पण ठिकाण असं आहे की ते शोभलं.

लाफायेतची एक गोष्ट मला नवीन होती. १७८३ मध्ये त्याने जॉर्ज वॉशिंग्टनना पत्र लिहून सुचवलं की आपण दोघं मिळून एक छोटी जमीन घेऊ आणि गुलामांना मुक्त करून कुळं म्हणून तिथे वसवू. वॉशिंग्टननी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं आणि भेटीत बोलू म्हणून विषय पुढे ढकलला. मित्राच्या टीकेला सभ्य उत्तर कसं द्यावं आणि काहीच कसं करू नये, याचा हा नमुना.

यानंतर कानातली यंत्रं कामाला आली. तिने एक ध्वनिमुद्रण लावलं: अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर, २६ ऑक्टोबर १९८३. आदल्या दिवशी अमेरिकेने ग्रेनाडावर सैन्य उतरवलं होतं. ग्रेनाडा कॅरिबियनमधलं, राष्ट्रकुलातलं बेट, ब्रिटनची राणीच तिथली राष्ट्रप्रमुख. थॅचरबाईंचा या कारवाईला विरोध होता आणि त्यांना नीट विश्वासातही घेतलं नव्हतं. रेगन फोनवर म्हणतात की मी तिथे असतो तर आत यायच्या आधी दारातून टोपी फेकली असती. म्हणजे टोपी परत बाहेर आली नाही तरच आत पाऊल टाकायचं! पलीकडून बाईंचा आवाज थंडगार. ओरडणं नाही, टोमणा नाही. जेवढ्यास तेवढं. शेवटी त्या म्हणतात, मला सभागृहात परत जायचंय, चर्चा जरा अवघड आहे. रेगन म्हणतात, जा, खाऊन टाका त्यांना. हे ऐकताना आम्ही नेमके व्हाइट हाउसच्या कुंपणाकडे तोंड करून उभे होतो. ४५ डॉलरमधले वीस इथेच वसूल झाले.

भाचेजावई लगेच म्हणाला, "बघा मावशी, खरा मित्र असा. खासगीत बोलल्या, बाहेर काही नाही."

हे तितकंसं खरं नाही. थॅचरनी नंतर जाहीरपणेही नापसंती सांगितली, आणि सुरक्षा परिषदेत अमेरिकेविरुद्ध ठराव आला तेव्हा ब्रिटन तटस्थ राहिला. अमेरिकेला नकाराधिकार वापरावा लागला. पण त्याचा मुद्दा मी मनात ठेवला, कारण टूरभर तोच फिरून फिरून येत होता: बोलायचं तर दाराआड की चव्हाट्यावर?

तिथून व्हॅनने कोरियन युद्धाच्या स्मारकापाशी. पोलादी सैनिकांचे १९ पुतळे पोंचो घालून झुडपांतून चाललेले. ते सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असतात. लोक बघत नाहीत ती उत्तरेकडची ग्रॅनाइटची कड. त्या कडेवर कोरियात गेलेल्या २२ देशांची नावं कोरली आहेत आणि त्यात भारत आहे. आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे लढणारे नव्हेत, जखमींना उचलणारे आणि शस्त्रक्रिया करणारे. माझ्या व्यवसायातले. मी खाली वाकून त्या अक्षरांवरून हात फिरवला. दगड उन्हाने चांगलाच तापला होता आणि भाचेजावई फोटो काढताना "मावशी, थोडं डावीकडे" करत होता.

इथे गाइडने ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान क्लेमेंट ॲटलींची गोष्ट सांगितली. ३० नोव्हेंबर १९५० ला पत्रकार परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन म्हणून गेले की अणुबॉम्बच्या वापराचा विचार नेहमीच चालू असतो. लंडनमध्ये खळबळ उडाली. ॲटली तडक विमानात बसले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टनला हजर. त्यांचं सैन्य कोरियात होतं, त्यामुळे आमची पोरं तिथे आहेत तर आम्हाला विचारणार की नाही, हे विचारायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. गाइडने ही गोष्ट छान रंगवली. पण एक राहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लायनी बीजिंगमधले भारताचे राजदूत के. एम. पणिक्करांना मध्यरात्री बोलावून सांगितलं होतं की अमेरिकन सैन्याने दोन्ही कोरियांमधली ३८वी रेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने निरोप पोचवला. वॉशिंग्टनमध्ये पणिक्करांना फारसं कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. सैन्याने रेषा ओलांडली आणि त्याच महिन्यात चिनी फौजा समोर आल्या. मी हे सांगितलं तर बाईंनी वही काढून नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. गाइडमध्ये हा गुण दुर्मीळ आहे. भारत काही अमेरिकेचा मित्रदेश नव्हता, त्यामुळे टूरच्या चौकटीत तो बसत नाही म्हणा. पण ज्याचं काही देणंघेणं नाही त्याचं ऐकलं जात नाही आणि ज्याचं आहे त्याला उपकार आठवून दिले जातात. मग बोलायचं कुणी?

आता कॅनडाचा दूतावास. पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर, कॅपिटॉलच्या अगदी हाकेच्या अंतरावर. वास्तुकार आर्थर एरिक्सन यांनी आखलेला, १९८९ पासूनचा. त्याच्या अंगणात बारा खांबांचा एक गोल मंडप आहे. मधोमध उभं राहून बोललात तर स्वतःचाच आवाज घुमून कानावर आदळतो, आणि दोन पावलं बाजूला सरकलं की काहीच नाही. आमच्यातल्या प्रत्येकाने तिथे उभं राहून "हॅलो" म्हणून पाहिलं. कॅनडाच्या परराष्ट्र धोरणाचं याहून चांगलं वर्णन मला सुचत नाही.

हा टप्पा टूरमधला सगळ्यात कसदार. बाईंनी १९५६ पासून सुरुवात केली आणि बरोबर केली. इजिप्तच्या सुएझ कालव्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल चालून गेले तेव्हा मित्रांवर जाहीर टीका करणारा देश कोण होता? अमेरिका. अध्यक्ष आयझेनहॉवर नुसते बोलून थांबले नाहीत. पौंड घसरत होता, आणि सैन्य मागे घ्यायचं कबूल केल्याशिवाय नाणेनिधीचा पैसा मिळणार नाही, हे लंडनला नीट समजावण्यात आलं. त्या पेचात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची वाट काढली कॅनडाच्या लेस्टर पिअरसननी, आणि १९५७ चं नोबेल त्यांना मिळालं. कॅनडाने ब्रिटनची री ओढली नाही याचं तेव्हा वॉशिंग्टनला काही वाईट वाटलं नाही.

नऊ वर्षांनी तेच पिअरसन पंतप्रधान होते. २ एप्रिल १९६५, फिलाडेल्फियाचं टेम्पल विद्यापीठ. एक पुरस्कार घेताना ते म्हणाले की उत्तर व्हिएतनामवरचे हवाई हल्ले योग्य वेळी थोडे थांबवून पाहिले तर बरं. इतकं मवाळ की आमच्या वॉर्डात डॉक्टरला औषध बदलायचं सुचवताना आम्ही याहून कडक बोलायचो. दुसऱ्या दिवशी अमेरिकन अध्यक्षांच्या विश्रामस्थानी, कँप डेव्हिडला जेवण. जेवणानंतर अध्यक्ष लिंडन जॉन्सननी त्यांना गच्चीत नेलं, कोटाला धरलं आणि यथेच्छ झापलं. माझ्या घरी येऊन माझ्याच गालिच्यावर मुतलास, असं म्हणाले म्हणे. आणि मे महिन्यात जॉन्सननी स्वतःच पाच-सहा दिवस हल्ले थांबवले. त्यातून काही निष्पन्न झालं नाही हा भाग वेगळा.

भाचेजावयाने इथे तोंड उघडलं. "पण मावशी, दुसऱ्याच्या देशात जाऊन, यजमानाला न सांगता भाषण ठोकायचं, हे बरोबर आहे का?"

नाही, रीत म्हणून बरोबर नाही. हे मी तिथेच कबूल केलं. पण रीत चुकली म्हणून हक्क जात नाही. जॉन्सनची तक्रार मुद्द्याबद्दल नव्हती, जागेबद्दल होती, आणि मुद्द्याला उत्तर नसलं की माणसं जागेबद्दलच भांडतात. एक गोष्ट मात्र गाइडने गाळली आणि ती आमच्या सोयीची नाही: त्याच काळात कॅनडातले कारखाने अमेरिकेला दारूगोळा विकत होते. शांततेचं भाषण आणि ऑर्डरबुक, दोन्ही भरलेलं. २००३ मध्येही तेच. १७ मार्चला पंतप्रधान जाँ क्रेतियेंनी संसदेत सांगितलं की सुरक्षा परिषदेच्या ठरावाशिवाय कॅनडा इराकवरच्या युद्धात उतरणार नाही, आणि त्यांच्या खासदारांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण आमच्या युद्धनौका त्या आखातात होत्याच, अमेरिकन तुकड्यांमध्ये आमचे काही अधिकारीही होते. अमेरिकेच्या राजदूतांनीच नंतर चिमटा काढला की उघड पाठिंबा देणाऱ्या बहुतेक देशांपेक्षा तुमचीच अप्रत्यक्ष मदत जास्त आहे. टीका करणाऱ्याचे हात किती स्वच्छ हे विचारणं रास्त आहे. टूरने ते विचारायला हवं होतं.

भाचेजावयाने मग पैशाचा हिशोब काढला. देशाच्या उत्पन्नाचे दोन टक्के संरक्षणावर खर्चायचं नाटोचं उद्दिष्ट २०१४ चं, आणि कॅनडा वर्षानुवर्षं त्याच्या खाली राहिला. खरं आहे, लाजिरवाणं आहे. पण हिशोब फक्त डॉलरचा मांडायचा असं कुणी ठरवलं? एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हे नाटोचं पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ नंतर, अमेरिकेसाठी. अफगाणिस्तानात कॅनडाचे १५८ सैनिक गेले. त्यातले पहिले चार एप्रिल २००२ मध्ये कंदाहारजवळ, सराव करत असताना, अमेरिकेच्याच एफ-१६ ने टाकलेल्या बॉम्बने. ट्रेंटनच्या तळावरून टोरोंटोकडे शवपेट्या यायच्या त्या ४०१ महामार्गावरच्या पुलांवर लोक झेंडे घेऊन उभे राहत. ड्यूटी संपवून मीही उभी राहिले आहे. पुलावर अग्निशमनवाले सलाम करायचे, खालून काळ्या गाड्या जायच्या आणि पलीकडच्या लेनमधले ट्रकवाले आपणहून वेग कमी करायचे. त्या पुलावर उभं राहिलेल्या माणसाला तुम्ही छत्रीखाली आहात हे ऐकवणं जरा जड जातं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या व्हॅनमध्ये त्याने मला खिडकीची जागा दिली.

आमच्यात एक डॅनिश जोडपंही होतं. नवऱ्याने तिथे एवढंच सांगितलं: आमचे ४३. साठ लाखांच्या आत-बाहेरचा देश. आणि डेन्मार्कने तर २००३ मध्ये टीकाही केली नव्हती, इराकमध्ये अमेरिकेबरोबर गेला होता. त्याचं फळ काय? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलंडमधल्या, अमेरिकेच्या पिटुफिक लष्करी तळावर उभं राहून म्हणाले की डेन्मार्कने ग्रीनलंडच्या लोकांसाठी नीट काम केलेलं नाही. डेन्मार्कच्या परराष्ट्रमंत्र्यांचं उत्तर मला आवडलं होतं: टीका आम्ही ऐकून घेऊ, पण हा सूर नको. गप्प राहून पुण्य साठतं असं ज्यांना वाटतं त्यांनी या जोडप्याशी बोलावं.

शेवटचा थांबा लाँगवर्थ हाउस ऑफिस बिल्डिंग, म्हणजे अमेरिकन खासदारांच्या कचेऱ्यांची इमारत. सुरक्षा तपासणीतून आत जाऊन कॅफेटेरियात जेवण, ज्याचं त्याने द्यायचं. इथला इतिहास हास्यास्पद म्हणून लक्षात राहतो. १४ फेब्रुवारी २००३ ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपँ यांनी सुरक्षा परिषदेत इराकवरच्या हल्ल्याच्या घाईला विरोध केला आणि त्या गंभीर सभागृहात चक्क टाळ्या पडल्या. महिन्याच्या आत, ११ मार्चला, या कॅफेटेरियातल्या फ्रेंच फ्राइज 'फ्रीडम फ्राइज' झाल्या आणि फ्रेंच टोस्ट 'फ्रीडम टोस्ट'. हे घडवलं दोन खासदारांनी, बॉब ने आणि वॉल्टर जोन्स. फ्रेंच दूतावासाने शांतपणे लक्षात आणून दिलं की फ्राइज मुळात बेल्जियमच्या. २००६ मध्ये पाट्या गुपचूप पूर्ववत झाल्या. पण जोन्सची गोष्ट इथे संपत नाही, आणि बाईंनी ती घाई न करता सांगितली. नॉर्थ कॅरोलिनाच्या या रिपब्लिकन माणसाने पुढे युद्धाबद्दलचं मत पूर्ण बदललं, ऑफिसबाहेर मृत सैनिकांचे फोटो लावले आणि त्यांच्या घरच्यांना हजारो पत्रं लिहिली. २०१९ मध्ये ते वारले. फ्रान्सला जे परिषदेत दिसलं ते त्यांना शवपेट्या मोजताना दिसलं. फ्राइज गरम होत्या, मीठ बेताचं. आम्ही एकच प्लेट घेतली आणि दोघांनी खाल्ली.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. टूरने निवडलेल्या सगळ्या गोष्टी अशा आहेत की टीका करणारा शेवटी शहाणा ठरतो. आपल्याला ऐकायला बरं वाटतं, पण ही निवड सोयीची आहे. बोस्नियातल्या युद्धाचं काय? मे १९९३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वॉरन क्रिस्टोफर युरोपात फिरून सांगत होते की बोस्नियाक, म्हणजे तिथल्या मुस्लिम लोकांवरची शस्त्रबंदी उठवू आणि सर्बांवर हवाई हल्ले करू. लंडन आणि पॅरिसने नाही म्हटलं. जमिनीवर आमचे सैनिक आहेत, त्यांना धोका होईल, हे कारण खोटं नव्हतं. हक्कही पुरेपूर होता, कारण अमेरिकेचा तिथे एकही शिपाई पायदळात नव्हता. तरी जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात डच शांतिसैनिकांच्या डोळ्यांदेखत माणसं वेगळी काढली गेली आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. किंवा रशियन गॅस. २०१८ मध्ये ट्रम्पनी संयुक्त राष्ट्रांत जर्मनीला बजावलं की रशियावर अवलंबून राहाल, तेव्हा जर्मन शिष्टमंडळ गालात हसत होतं. २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसल्यावर कुणी हसलं नाही. ज्याची माणसं तिथे जातात त्याला बोलायचा हक्क आहेच, पण हक्क असणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टूर त्या एकाच पिशवीत भरते. मी जेवताना बाईंना बोस्नियाचं विचारलं तर त्या म्हणाल्या, वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी दाखवायला जागा नाही. हे मला पटलं नाही. बागेतल्या बाकावर बसूनही सांगता येतं.

दुसरी कुरकुर लहान. चालू घडामोडींवर बोलायचं नाही असा कंपनीचा नियम आहे. ग्रीनलंडचा विषय डॅनिश नवऱ्याने काढला तेव्हा बाईंनी हसून घड्याळ पाहिलं. धंदा सांभाळायचा असतो, समजू शकते. पण मित्रदेशांच्या टीकेवरची टूर २००६ ला येऊन थांबते, हे पैसे घेऊन अर्धं ताट वाढण्यासारखं आहे.

जाणाऱ्यांसाठी: आठवड्याच्या कामाच्या दिवशीचीच तिकिटं काढा, शनिवार-रविवारी लाँगवर्थ बंद असतं आणि मग शेवटचा थांबा बाहेरूनच दाखवतात. गट दहा-बारा जणांचा असतो, व्हॅनमध्ये पाय ठेवायला जागा कमी. पाण्याची बाटली कॅफेटेरियाच्या तपासणीआधी रिकामी करावी लागली. स्वच्छतागृह मधल्या टप्प्यात स्मारकाजवळ एकदाच, तिथेच उरकून घ्या. वयस्क माणसांना झेपेल, गुडघे दुखत असतील तर स्मारकाचा भाग व्हॅनजवळ बसून ऐकता येतो, कानातलं यंत्र तिथपर्यंत चालतं. आणि शक्य असेल तर स्वतःशी न पटणारं माणूस बरोबर न्या. भाचेजावयाने पाच तारे दिले आहेत. त्याच्या मते टूर पुरेशी अमेरिकाविरोधी नव्हती, म्हणून चांगली.